दस्तीखालचा निकाल

कुस्तीवाल्या माणसाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुमी आता सावरून बसला असाल. लाल माती येणार, हलगी कडाडणार, पीळदार मिशीचा एखादा वस्ताद पहाटे उठून पोरांकडून हजार जोर काढून घेणार. बसा तसंच, पण यातलं काईच येणार न्हाई. आमच्या मामांनी जन्मात एक जोर मारलेला न्हाई. वजन म्हणाल तर भिजलेल्या पोत्याएवढं, पोतं रिकामं धरून. मिशी हाय, पण डावी एका लांबीची अन् उजवी दुसऱ्या, कारण कातरायला बसले की मधीच फोन येतो आणि राहिलेली बाजू राहतीच. तरीबी मी छातीला हात लावून सांगतो, गेवराईपासून माजलगावपर्यंत मामांएवढे पैलवान कुणीच पाडले न्हाईत. एका बोटानं पाडलेत. खोटं न्हाई, खरंच एका बोटानं.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक, आणि आमच्या जत्रेतल्या खेळाचेबी मालक. चार लोखंडी पाइप, भवतीनं दोर, खाली फळ्या, फळ्यांवर जुन्या गाद्या, गाद्यांवर ताडपत्री. टीव्हीवर ती मुखवटे घालून एकमेकांना खुर्च्या हाणणारी कुस्ती असती का न्हाई, तीच, फक्त आमच्या खुर्च्या मंडपवाल्याच्या असल्यामुळं जपून हाणाव्या लागतात. कोण जितणार, कोण हारणार, कोण ऐन वक्ताला दोस्ताला दगा देणार, सगळं आधी ठरलेलं. लोकांनाबी ते ठावं असतं, आणि तरीबी लोक शिट्ट्या मारून घसा बसवून घेतात. मी माईकवर. पुढारी, गुरुजी, कंडक्टर, रेडकू, सगळ्यांचे आवाज काढतो आणि कुस्तीचं वर्णन करतो.

आता ‘ठरलेलं’ म्हणजे कुणी ठरवलेलं, इथं माझं डोकं फिरतं. आमी अकराजण. गाद्या आमी उचलायच्या, पडायचं आमी, टेम्पो बंद पडला तर ढकलायचा आमी, आणि गोष्ट कोण रचणार? एकटे मामा. आमी सगळ्यांनी मिळून एकदा चार दिवस खपून एक झकास कथा बसवली होती. दोन भाऊ, एक मुखवट्यातला, दुसऱ्याला ठावं न्हाई. मामांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. “लई छान,” म्हणाले. मग डोळे उघडून म्हणाले, “आता गाद्या उतरवा.” संपलं. त्या कथेचं पुढं काय झालं ते त्या दोन भावांनाच ठावं.

मामा पूर्वी बैलबाजारात दलाली करायचे. तिथं सौदा तोंडानं होत न्हाई. हातावर कापड टाकायचं, कापडाखाली समोरच्याची बोटं दाबायची, त्या दाबण्यातच भाव. चारी बाजूंनी माणसं उभी, पण कुणाला काई कळत न्हाई. बाजार सुटला, सवय सुटली न्हाई. कुस्तीच्या आधी मामा पैलवानाजवळ येतात, खांद्यावरची दस्ती काढतात (दस्ती म्हणजे तुमचा हातरुमाल, पण मामांची चांगली जेवायला अंथरावी एवढी), दोघांच्या हातावर टाकतात आणि आभाळाकडं बघत बोट दाबतात. अंगठा दाबला की तू जितायचं. करंगळी दाबली की पडायचं. चारी बोटं एकदम दाबली की दंगा, म्हणजे दोघांनी मिळून रेफ्रीला हाणायचं. एका पैलवानाला दुसऱ्याचं बोट कोणतं ते कळत न्हाई. मला माईकवाल्याला तर काहीच कळत न्हाई.

“मामा, तोंडानं कावून सांगत न्हाई?” मी एकदा तणतणलो.

“तोंडाच्या जवळ कान असतात बे. बोटाच्या जवळ असतात का?”

आणि हा निकाल ठरायचा कशावरून? ताकदीवरून न्हाई, कसबावरून न्हाई. दिंद्रुडला मामांना बसायला बिनहाताची खुर्ची दिली गेली. मामा उठले, दस्ती काढली आणि तिथल्या पैलवानाची करंगळी दाबून आले. “ज्या गावात मला कोपर टेकायला जागा न्हाई, त्या गावचा गडी कावून जितवू?” तेवढ्यात वेलदोड्याचा चहा आला. मामा परत उठले, अंगठा. चहावर साय निघाली. मामांना सायीचा लई तिटकारा. परत उठले. ते बिचारं पोरगं तीनदा बोटं दाबून घेऊन इतकं गांगरलं, की रिंगणात उतरल्या-उतरल्या त्यानं एकट्यानंच रेफ्रीला हाणायला सुरुवात केली. रेफ्री ओरडतोय, “दंगा न्हाई बे, दंगा न्हाई!” आणि लोक म्हणतायत, काय खुन्नस हाय बघा!

असा एकहाती कारभार म्हटल्यावर माणसं कशी वागणार? ताडपत्रीमागं नुसतं राजकारण. एकजण मामांच्या चपला उन्हातून सावलीत ठेवतो. दुसरा त्या उचलून जास्त सावलीत ठेवतो. तिसरा कपिलधारला जाऊन आला की अंगारा आणतो, “खास तुमच्या नावानं हात जोडले मामा.” मामा अंगारा लावतात आणि त्याचीच करंगळी दाबतात. म्हणजे लाच म्हणावी तर तीबी चालत न्हाई! निदान सरळ भ्रष्टाचार असता तर माणसाला वाट तरी सापडली असती.

सगळ्यात जास्त संताप मला बिरूपायी यायचा. बिरू चकलांब्याचा, मेंढपाळाघरचा. तीन वर्षं आमच्यात, आणि तीन वर्षांत एकदाबी अंगठा न्हाई. पडावं कसं ते मात्र बिरूनंच करून दाखवावं. असा अधांतरी उडून पाठीवर यायचा की पुढच्या रांगेतल्या बाया डोळे झाकायच्या. त्याच्या पडण्यामुळंच तर आमचा विजेता विजेता वाटायचा. विजेता म्हणजे ‘वादळ’. अंगानं कडब्याच्या गंजीएवढा, मनानं गाय, गेवराईत मोबाईलची कव्हरं विकणारा. विजेतेपदाचा पट्टा म्हणून मामांनी त्याला एका जुन्या बैलाची घुंगरमाळ दिलेली. कमरेला बांधून चालला की वाजायचा.

बिरूची आई मात्र सगळं खरंच धरायची. कुणी कितीबी समजावून सांगा. पोरगं घरी आलं की ती त्याच्या पाठीला हळद-तेल चोळायची आणि वादळच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, “काय गं, औंदाबी पडलाच का तुझा?” ती घागर अर्धी भरूनच परतायची. आणि मग ठरला चकलांब्याच्या जत्रेचा खेळ. बिरूचं गाव, आई पुढच्या रांगेत. बिरू मला म्हणाला, “माय पहिल्यांदाच बघायला येणार हाय. एकदा तिच्यासमोर जितू द्या म्हणावं. एकदाच. नंतर जल्मभर पडतो.” स्वतः मामांकडं जायची त्याची छाती नव्हती.

मी गेलो. मामा कान कोरत होते.

“न्हाई,” म्हणाले.

“कावून?”

“पट्टा गावचे पुढारी बांधणार हायत. बिरूचा चुलता त्यांच्या विरोधी पॅनलमधून उभा होता. त्या घरात पट्टा बांधणार न्हाई म्हणालेत.”

“मग? आपला खेळ हाय का त्यांचा?”

“रिंग कुणाच्या वावरात लावली?”

मी जे भडकलो! म्हणजे आमी रचलेली गोष्ट चालत न्हाई, अन् पुढाऱ्यानं रचलेली चालती? चपला मी उन्हातच ठेवल्या त्या दिवशी. आणि मनाशी पक्कं केलं. मामांचा आवाज मला येतो. आधी घशात दोन खाकरे, मग नाकातून “हं,” मग वाक्य. एकदा मी दाराआडून तसाच खाकरून आत्याला “चहा टाक” म्हणालो होतो. तिनं मामांचा म्हणून टाकला, वर “साय काढली हाय” म्हणून कप दाराबाहेर ठेवला. सख्खी बायको फसली, तिथं वादळची काय कथा.

खेळाच्या दिवशी दुपारी मामांनी बिरूची करंगळी दाबली, वादळचा अंगठा दाबला आणि पुढाऱ्यांना आणायला गेले. वादळ टेम्पोत बसलेला. मी बाहेरून ताडपत्रीआड उभा राहिलो. दोन खाकरे. “हं. वादळ, हात दे.” फटीतून तसलीच एक दस्ती टाकून हात घातला आणि त्याची करंगळी करकचून दाबली.

“मामा, खरंच?” वादळ म्हणाला.

“हं.”

“बरं झालं बघा. बिरूची माय आल्यापास्नं माझ्याकडंच बघायलीय.”

मी खुशीत माईकवर आलो. कुस्ती लागली. पहिल्याच हाताला वादळ धाडकन पाठीवर! मी ओरडलो, “आणि वादळ कोसळलं!” बिरूला वाटलं गडी घसरला. तो भला माणूस, त्यानं हात देऊन उठवलं, आणि उठवता-उठवता स्वतः उलटी उडी घेऊन पाठीवर पडला. वादळ गोंधळला. तोबी शेजारी आडवा झाला. आता दोघंबी उताणे, रेफ्री मधी, कुणाचे आकडे मोजावेत ते कळंना. बिरूनं हळूच वादळला गोधडीसारखं अंगावर ओढून घेतलं. वादळ लोळण घेऊन पलीकडं गेला आणि त्यानं बिरूला ओढलं. बिरू घाईघाईनं खाली शिरला. दोघंबी इमानी, दोघांनाबी करंगळी! माझं तोंड चालूच, “मंडळी, हा डाव तुमी जन्मात बघितला नसंल!” मंडळींनी खरंच बघितला नव्हता. आधी हसली, मग हुर्यो केली, मग कुणीतरी ओरडलं, “झोपायचं असंल तर घरी जा की बे!”

तेवढ्यात काठी घेऊन बिरूची आई दोराखालून आत. “मुडद्या, माझ्या लेकराला काय चारलंस रं? तीन वर्षं पाडलास, आता गुंगी देऊन पाडतूस?” वादळनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा काठीकडं, आणि घुंगरमाळ वाजवत जो दोरावरून उडी टाकून पळाला तो थेट टेम्पोत. आमच्यात नियम हाय, रिंग सोडली की हार. रेफ्रीनं घाबरून म्हातारीचाच हात वर केला. तिनं हिसका दिला, तेव्हा बिरूचा केला. गाव उठून उभं राहिलं! शिट्ट्या काय, टोप्या काय. टेम्पोतून माळ आणली. शंभर मोबाईल रोखलेले असताना पुढाऱ्यांना हसू तोंडावर ओढून ती बिरूच्या कमरेला बांधावी लागली. मी तर माईकवर सगळे आवाज काढून घेतले, रेडकूसुद्धा. बिरू ढसाढसा रडत होता. मला वाटलं, आनंदानं.

ऊन कलल्यावर गाद्या भरताना मामांनी मला टेम्पोमागं बोलावलं. मी तयारीत होतो. पुढाऱ्यावरून बोलले तर काय सुनवायचं, आवाजावरून बोलले तर काय, सगळं जुळवून ठेवलं होतं. मामा खाकरले न्हाईत.

“वादळचं बोट तू दाबलंस?”

“व्हय. अन् परत दाबीन. तुमी एकट्यानंच—”

“बिरूचं दाबलंस?”

मी गादी उचलायला वाकलो.

“अंगठा धरलास का त्याचा? गाढवा, मी इचारतोय.”

“न्हाई. राह्यलं.”

“राह्यलं? मला शिव्या द्यायला वेळ मिळाला, रेडकू काढायला मिळाला, अन् हे राह्यलं? मी करंगळी दाबली तरी ज्याची त्याला सांगून दाबतो रं. पडणारालाबी ठावं असतं आपण पडणार हाव. तू त्या पोराला जितवलंस अन् त्यालाच सांगितलं न्हाईस. सारं गाव शिट्ट्या मारायलंय, माय बोटं मोडून दृष्ट काढायलीय, अन् ते माळ बांधून माझ्यासमोर उभं राहून रडतंय, ‘मामा, माझं काय चुकलं? नीट तर पडत व्हतो.’ त्याला वाटतंय उद्यापास्नं त्याला काढून टाकणार. मायसमोर जितायचं व्हतं ना त्याला? जितला कुठं तो? त्याला पत्ताच न्हाई!”

मी गादीचा कोपरा धरून उभा राहिलो.

“पुढाऱ्याचं मी बघतो. ते माझं काम हाय, तुज्या बापाचं न्हाई,” मामा म्हणाले. “तू जा. तिकडं पाण्याच्या टाकीमागं बसलाय. त्याला नीट सांग, तू जितलास म्हणून. घरी जायच्या आत सांग, म्हणजे मायसमोर ताठ जाईल.”

मी निघालो.

“अन् ऐक बे,” मामा मागून ओरडले, “माझ्या आवाजात नको. तुला स्वतःचा आसंल एखादा, तर त्याच्यात सांग.”