नानांच्या गाण्यांचा बॅकअप

घरातली सगळी माहिती सुरक्षित करायचं काम मी एका रविवारी सकाळी हाती घेतलं, आणि दुपारच्या जेवणाआधी आमच्याकडे सुरक्षित ठेवण्यासारखं काहीच उरलं नाही.

इथे बंगालमध्ये, सॉल्ट लेकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन डिस्कचा कॉम्प्युटर आहे. त्यातली एक डिस्क माझ्या बायकोच्या, मेधाच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घरी बसून गायलेल्या नाट्यगीतांची. नाना आता नाहीत, त्यामुळे देवघरानंतर ती डिस्कच पवित्र. मी तिसरी, कोरी डिस्क आणली, तिचे तीन भाग पाडले (तीनच का, ते विचारू नका, दोन कमी वाटले) आणि बॅकअपचा प्रोग्राम उघडला.

"अहो, नानांच्या गाण्यांना धक्का नाही ना लागणार?" मेधाने पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"अगं, त्यांच्यासाठीच तर चाललंय."

प्रोग्रामने विचारलं, कुठून कुठे? मी सांगितलं. दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या करू? म्हटलं, कर बाबा. आमटीला फोडणी बसायच्या आत काम झालं. त्या वेगाचं मला कौतुकच वाटलं. दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या झाल्या होत्या. दोन्ही रिकाम्या. 'कुठून'मध्ये मी कोरी डिस्क दिली होती आणि 'कुठे'मध्ये नानांची.

शेजारच्या घोषदांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं.

"दादा, आपने खाली डिस्क का बॅकअप लिया है," ते म्हणाले. "बहुत अच्छा लिया है."

मेधाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

घोषदांनी पुसलेल्या फायली परत काढणारा प्रोग्राम लावला. संध्याकाळपर्यंत गाणी आली, पण त्यांची नावं गेली. मग एकेक लावून ओळखायला बसलो. एरवी गाणं संपलं की आम्ही बंद करायचो. आज मेधाचा हात पुढे होईना. एक पद संपलं, तरी रेकॉर्डिंग चालूच राहिलं. भांडी वाजली, नाना खोकले आणि सासूबाईंना हळूच म्हणाले, "जावई सोन्यासारखा आहे गं. फक्त कुठल्या मशीनला हात लावू देऊ नकोस त्याला."

मेधा रडता रडता हसायला लागली.

"क्या बोले बाबा?" घोषदांनी विचारलं.

"मेरी तारीफ की," मी म्हणालो.

मेधाने डोळे पुसले आणि उरलेलं वाक्य त्यांना बंगालीत समजावून सांगितलं. तिचं बंगाली इतकं उत्तम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.