मुतवल्लीचं कोपर

अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी कोळीवाड्यात कुणाचं हाड मोडलं की लोक आधी हमीदोकडे धावत. दवाखान्याचं नाव मागाहून निघे. मशिदीमागच्या गल्लीत त्याची एवढीशी खोली होती. बोरूच्या पट्ट्या, अंड्याचा पांढरा बलक, पीठ आणि जुन्या शिडाच्या चिंध्या, एवढ्या सामानावर त्याने अर्ध्या कोळीवाड्याचे हातपाय सरळ केले होते. एकच हात त्याला साधला नाही, आणि तो नेमका त्याच्या पोराचा होता.

त्याचा हा पोरगा मुतवल्ली लहान असताना बांधायला काढलेल्या होडीवरून पडला आणि डावं कोपर मोडून बसला. बापानेच बांधलं. पट्ट्या सुटल्या तेव्हा हात जवळजवळ सरळ झाला होता. बाक राहिला तो दोन बोटांचा. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आईने नाही, बापाने नाही, आणि मुतवल्लीने तर नाहीच. गल्लीतून जाताना तो डावा हात खिशात घालून चाले. आपल्यापायी बापाच्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुढे तो होड्यांच्या कारखान्यात लागला. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवायचा आणि वरून डांबर फिरवायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी तो एका कहवाखान्याच्या गच्चीवर वजनं उचलायला जाई. तिथे शिकवणारा फिक्री स्वतः जुना वजन उचलणारा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. मुतवल्ली अंगाने सडसडीत, पण कमरेत लोखंड होतं. हलक्या गटात शहरात त्याला तोड उरली नाही.

स्पर्धेतल्या तीन प्रकारच्या उचलींपैकी अडचण एकीत होती. प्रेसमध्ये बार छातीवरून सावकाश वर दाबायचा, आणि वर गेल्यावर दोन्ही हात अगदी ताठ हवेत. मुतवल्लीचा डावा ताठ होतच नसे. तरी शहरातले पंच त्याची उचल मान्य करत. आपला बाक कुणाच्या लक्षात येत नाही, असं तो समजून चालला होता. खरं तर फिक्रीने एकेका पंचाला बाजूला घेऊन आधीच सांगून ठेवलेलं असे.

१९५१ साली भूमध्य समुद्राकाठच्या देशांचे खेळ पहिल्यांदाच भरले आणि ते अलेक्झांड्रियातच भरले. मुतवल्लीची निवड झाली. अख्खी गल्ली जेवणं उरकून बघायला आली, आणि त्यांच्या मधोमध नवी पायघोळ गलाबिया घालून हमीदो बसला.

"पंच बाहेरचे आहेत," खेळाडूंची वजनं घेऊन झाल्यावर फिक्री म्हणाला. "सुरू व्हायच्या आधी त्यांना कोपर दाखवून ये. नियमच आहे. मोडलेलं हाड असेल तर ते बघून घेतात, मग अडवत नाहीत."

"माझ्या कोपराला काय झालंय?"

फिक्रीने त्याच्या डाव्या हाताकडे बोट केलं.

"काही झालेलं नाही, कॅप्टन. आणि तुम्हीही बोलायचं नाही. वर बाबा बसलेत."

"तू गाढव आहेस."

"असेन. पण शब्द द्या."

नाइलाजाने फिक्रीने शब्द दिला.

पंचाण्णव किलो म्हणजे मुतवल्लीच्या हातचा मळ. बार वर गेला, थांबला, आणि तीनही पंचांचे दिवे तांबडे लागले, म्हणजे उचल बाद. दुसऱ्या खेपेला त्याने डोळ्यांपुढे काजवे चमकेस्तोवर कोपर ताणलं. पुन्हा तांबडे. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर खेळातूनच बाद. तो बाकावर येऊन बसला आणि तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

एवढ्यात फाटकापाशी गलका झाला. पोलिसाने हमीदोला अडवलं होतं.

"आत कुठे, आजोबा?"

"तुझ्या काकाचा निखळलेला खांदा मी बसवला, तेव्हा त्याने विचारलं नव्हतं कुठे म्हणून. बाजूला हो."

पोलीस बाजूला झाला. हमीदो पोरासमोर येऊन उभा राहिला.

"पंचांना कोपर दाखवलंस?"

"कुठलं कोपर?"

"अरे, हाडं बघून पोट भरतो मी. वरून दिसलं मला. दाखवलंस का नाही?"

मुतवल्लीने टॉवेल काढला. "लोक काय म्हणतील, बाबा?"

"काय म्हणायचे राहिलेत? हमीदो दुनियेची हाडं जोडतो आणि घरचं तेवढं वाकडं, असं वर्षानुवर्षं म्हणताहेत. ती उम्म बदवी मासळी तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगते. माझ्यासमोर गप्प बसतात, इतकंच."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. तुला एकट्यालाच वाटत होतं की ते झाकलंय. ऊठ आता."

तिघे पंचांच्या टेबलाशी गेले. फिक्रीने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. टकल्या मुख्य पंचाने डावा हात धरला, स्वतः सरळ करून पाहिला, दाबला. होईना. मग त्याने काहीतरी विचारलं.

"कुणी बांधला होता, विचारतोय," फिक्री हळूच म्हणाला.

हमीदोने हात वर केला. "मी."

पंचाने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि इतर दोघांनाही हात तपासायला लावला.

तिसऱ्या खेपेला मुतवल्लीने तेच वजन तसंच उचललं, वर तोच दोन बोटांचा बाक. दिवे पांढरे लागले. प्रेसमध्ये तो बराच मागे पडला होता, कारण बाकीचे एकशेपाचपर्यंत पोचले होते. पुढच्या दोन उचलींत त्याने जमेल तेवढं भरून काढलं. शेवटी दुसऱ्या नंबरासाठी भलतंच वजन मागितलं. ते खांद्यांवर आलं आणि तिथूनच खाली गेलं. तिसरा आला. त्याच्या गळ्यात पदक पडलं तेव्हा उम्म बदवीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

घरी आले तेव्हा कोपर सुजलं होतं. आईने भाकरी, बाकल्याची उसळ आणि लोणच्याची वाटी पुढे ठेवली. मुतवल्ली उजव्या हाताने जेवत होता, आणि हमीदोने त्याचा डावा हात मांडीवर घेऊन कोमट तेल चोळायला घेतलं. पट्ट्या सोडल्या त्या दिवसानंतर त्याने त्या कोपराला पहिल्यांदाच हात लावला. बराच वेळ तो अंगठ्याने चाचपत होता.

"इथं," तो म्हणाला. "इथली चकती सरकली होती. सूज होती, त्यामुळे मला कळलं नाही."

"दुखतंय, बाबा. हळू."

"हं."

सगळ्यांदेखत हात वर करून 'मी' म्हटल्यामुळे पुढचे काही आठवडे हमीदोकडे गिऱ्हाईक कमी झालं. कोळीवाड्यात टोमणे झाले, ते त्याने ऐकून घेतले. मग कुणाचा तरी घोटा मुरगळला, दवाखाना लांब होता, आणि लोक परत येऊ लागले. मात्र कोपर असेल तर तो हात लावत नसे. "ते माझ्याच्यानं होत नाही," असं सरळ सांगून तो माणसाला दवाखान्यात धाडी, आणि सोबत कुणी नसेल तर स्वतः जाई.

मुतवल्ली आणखी चार-पाच वर्षं वजनं उचलत राहिला. तसा नंबर पुन्हा लागला नाही. कारखान्यात तो मुकादम झाला, लग्न केलं, मुली झाल्या. उन्हाळ्यात तो बिनबाह्यांचा बनियन घालून होड्यांच्या सावलीत बसे, आणि कुणी हाताबद्दल विचारलंच तर म्हणे, "बापाने बांधलाय."