प्रोबेशनवरचा मुलगा

"साहेब, पोरगो परमनंट कदी होतलो?"

समोरच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी हे विचारलं आणि मी लिहिता लिहिता थांबलो. नाव परब, लालबागच्या एका मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. पोरगा म्हणजे वामन, परळच्या चाळीतला. माझ्याकडची केस.

"कोणी सांगितलं तुम्हाला, तो परमनंट होणार म्हणून?"

"सगळी चाळ सांगता. दुकानाच्या शेटाक इचारलंय, तो म्हणालो साहेबाक इचार. तुमच्या दारार तर लिवलेलाच आसा, प्रोबेशन ऑफिसर. माझ्या चेडवाचा लगीन ठरवलंय त्याच्याशी."

चेडू म्हणजे त्यांची मुलगी. पण आमचं प्रोबेशन वेगळं. पहिलाच, लहानसा गुन्हा असेल तर कोर्ट तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेई आणि माणसाला वर्षभर आमच्या देखरेखीखाली ठेवी. वामन कामाला होता ती मिल परबांची नव्हे, दुसरी. तिथलं कापड त्याने पोटाला गुंडाळून बाहेर आणलं होतं. नोकरी गेली. मी खटपट करून त्याला हिंदमाताजवळ कापडाच्याच दुकानात चिकटवला. शेटजींना सगळं ठाऊक होतं. ते रोज संध्याकाळी त्याच्या पोटाकडे बघून मगच त्याला घरी सोडत.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. राज्याची वाटणी होणार म्हणून प्रत्येक खातं आपण किती उपयोगी आहोत हे कागदावर दाखवायच्या घाईत होतं. आमच्या साहेबांनीही फॉर्म काढला: प्रोबेशनचा परिणाम होतो का? त्यात एक रकाना, 'शेजाऱ्यांचे मत'. मी वामनच्या चाळीत जाऊन मोघम चौकशी केली. जो तो म्हणाला, मुलगा सोन्यासारखा, प्रोबेशनवर आहे, वर्षभरात पक्का होईल. गुन्हा माहीत असूनही समाज एवढा विश्वास टाकतो, असं वाटून मला भरून आलं. तसं लिहून मी फॉर्मला एक पुरवणी जोडली. साहेबांनी ती मीटिंगमध्ये वाचून दाखवली.

आता परबांसमोर बसून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीला गुन्हा माहीतच नव्हता.

वामनची त्या दिवशी हजेरी होती. तो आल्यावर त्याला जिन्यात गाठला. मी संतापलो होतो.

"घरी काय सांगितलंस?"

"आई गावाला होती, साहेब. आल्यावर विचारलं, नवीन काय? मी म्हटलं, प्रोबेशनवर आहे. ती खूश झाली."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"तोवर तिने साखर वाटली होती."

मी सांगितलं, केसची माहिती मी बाहेर देत नाही, पण खोटंही बोलणार नाही. आत तुझे होणारे सासरे बसलेत. परबांना वामन भेटला होता चळवळीच्या एका सभेत, घोषणा देताना. आवाज खणखणीत म्हणून पसंत पडला होता. आत गेल्यावर तो आवाज कुठे गेला देव जाणे. पण त्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून.

परबांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. लग्न मोडलं असंच मी धरून चाललो.

"खंयच्या गेटार गावलंस?"

"मागच्या गेटवर सापडलो."

"मागच्या गेटार झडती कडक आसता. इतक्याय कळाक नाय तुका?" बोलून गेल्यावर परबांना माझी आठवण झाली. ते खोकले. "चेडवाक सगळा सांगतंय. ती नको म्हणाली तर विषय संपलो." आणि उठून गेले.

तो आठवडा वामनचा वाईट गेला. त्याने आईलाही सांगून टाकलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मलाही चैन नव्हतं.

मग परब एक अर्ज घेऊन आले. अक्षर मुलीचं होतं. 'विवाहास माझी हरकत नाही. मात्र विवाहानंतर निदान एक वर्ष सरकारी देखरेख चालू ठेवावी, ही नम्र विनंती.'

मी तो साहेबांपुढे ठेवला.

"कोर्टाने घातलेली मुदत बायकोच्या अर्जावर वाढत नाही," साहेब म्हणाले.

"पण केस यशस्वी लिहू की अयशस्वी?"

"आधी ती पुरवणी काढून घ्या. मग लग्नाला जाऊन या."

मी गेलो, जेवलो आणि 'यशस्वी' लिहिलं. पुढे 'शेजाऱ्यांचे मत' हा रकाना मी कधी मनावर घेतला नाही. नवा माणूस आला की फॉर्म उघडण्याआधी मी एवढंच विचारायचो, "घरी काय सांगितलं आहेस?" आणि मगच चाळीत चौकशीला जायचो.