स्मशानातलं छप्पर

राहू गावाच्या अलीकडं भीमेकाठी एक लहानसं गाव आहे. तिथं नकुशी शेवंतीची शेती करते. एका श्रावणात तिचा नवरा गेला. मुलगा नव्हता, म्हणून लेकीनं, समृद्धीनं अग्नी दिला आणि तिच्या सोबतीला नकुशीही नदीवर गेली. स्मशानाला छप्पर नव्हतं. भर पावसात चार माणसांनी सरणावर ताडपत्री धरली, तरी लाकडं पेटेनात. शेवटी डिझेल ओतावं लागलं. ते नकुशीच्या जिवाला फार लागलं.

पुढच्या ग्रामसभेत सरपंच बबनराव वर्षभराची कामं सांगत होते. ते वेशीवरच्या नव्या कमानीच्या खर्चावर आले, तशी नकुशी उठून उभी राहिली.

"आप्पा, कमान चांगली झाली. पन गावात येनाऱ्यांचं एवढं केलंत, तर जानाऱ्यांचं बी कायतरी बघा."

त्या दिवशी ताडपत्रीचं एक टोक बबनरावांच्याच हातात होतं.

"खरं हाय, सूनबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आधी ते करायला पायजे व्हतं. औंदाचा निधी तिथंच लावू."

काम मध्येच रखडलं, तेव्हा नकुशीनं पंचायतीत खेटे घातले. अखेर पत्रे चढले.

आषाढात म्हातारे हौसराव वारले. पाऊस कोसळत होता, पण सरण लगेच पेटलं. समृद्धीनं शेतात येऊन हे सांगितलं, तेव्हा नकुशी खुरपत होती. तिनं खुरपं खाली ठेवलं आणि बांधावर बसून पोटभर रडली. नवरा गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती.