अडुळसा फुकट, माती विकत

हातखंब्याला हायवेच्या कडेला माझी रोपवाटिका आहे. शेजारी चहाची टपरी. टपरीवाल्या वहिनींवर माझा राग आहे आणि तो जायचा नाही. माझ्या अडुळशाच्या कुंपणाचा पाला त्या रोज खुडतात आणि खोकणाऱ्या ड्रायव्हरांना काढा करून पाजतात. कुंपण माझं, नाव त्यांचं.

ते कुंपण मी हौसेखातर वाढवलेलं नाही. गर्द पानं, पांढरे तुरे. गिऱ्हाईक ते बघूनच गाडी थांबवतं. गेल्या हिवाळ्यात मालगुंडचा एक लॉजवाला असाच थांबला. त्याला अंगणाभोवती लावायला अडुळशाची अख्खी रांग हवी होती. एवढी मोठी ऑर्डर मला वर्षात मिळाली नव्हती. घासाघीस करून मी त्याला माझ्या भावावर आणला, तेवढ्यात गाडीतून त्याची आई उतरली.

"अडुळसा विकत घेतोस? औषधाच्या झाडाचे पैसे मोजले तर गुण येतो काय रे?"

टपरीतून वहिनी ओरडल्या, "खरं बोललात आजी! मी काढ्याचे कधी घेते? फांद्या न्या, खोचल्या की झाड!"

"कोणाच्या फांद्या?" मी असा कडाडलो की टपरीवरचे ड्रायव्हर उठून उभे राहिले.

लॉजवाला आईच्या तोंडाकडे बघायला लागला. ऑर्डर हातची चालली होती. मी आवाज खाली आणला.

"आजी, झाड फुकटच आहे. पैसे पिशवीतल्या मातीचे. शेणखत घालून मी स्वतः कालवलेली."

आजींनी एक रोप उचललं, पिशवी दाबून पाहिली. "माती बरी आहे. ती तुला राहू दे, बाबू. झाडं काढून दे."

वहिनी हसत सुटल्या. त्या नादात त्यांचं दूध उतू गेलं, तेवढंच समाधान.

शब्द दिला होता, आता फिरणार कसा? एकेक रोप झाडून दिलं. माझीच माती माझ्या पायाशी.

जाताना आजी लाल जास्वंदीपाशी थांबल्या. "ही पण औषधीच. केसांच्या तेलाला."

"गणपतीला नाही वाहणार?"

"वाहणार तर!"

"देवाला फुकटातलं फूल, आजी?"

आजींनी जास्वंदीला हात जोडले. मग मुलाला म्हणाल्या, "हिचीही रांग घे. आणि भाव करू नको, देवाचं आहे."

ओरडून माझा घसा बसला होता. संध्याकाळी वहिनींनी समोर काढा आणून ठेवला, माझ्याच पाल्याचा. मी खिशात हात घातला.

"ठेवा ते. गुण जाईल."

भाव करायलाही जागा ठेवत नाहीत. राग जाणार कसा?