घाणेरीची हजेरी

तळोद्याच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर जिल्ह्यात एक नवे काम सुरू झाले: बाहेरून येऊन आपल्या जमिनीवर पसरलेल्या वनस्पतींची नोंद. गावोगावच्या नोंदकर्त्यांना शिकवण्यासाठी मला बोलावण्यात आले. कामामागचा विचार सोपा होता. घाणेरी, गाजर गवत, जलपर्णी या मूळच्या इथल्या नव्हेत. त्या कोठे आणि किती दाट माजल्या आहेत, हे सबंध देशाचे चित्र एका ठिकाणी पाहता यायला हवे होते. म्हणून प्रत्येक गावाने मोबाइलवर छायाचित्र काढून जागा नोंदवायची, नोंद जिल्ह्यातून राज्याकडे आणि पुढे देशाच्या नकाशावर जायची, आणि निर्मूलन आधी कोठे करायचे ते त्या नकाशावरून ठरायचे. मी हे हजेरीपटाच्या उदाहरणाने समजावले. हजेरीच घेतली नाही, तर कोणाकडे लक्ष द्यायचे हे कळणार कसे? शेवटी एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला: दिसेल तेच लिहायचे.

तो नियम पुढे माझ्याच अंगावर आला.

नोंदकर्त्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या एका गावात ती सून म्हणून गेली होती आणि तिथल्या सामूहिक वनाच्या समितीची सचिव झाली होती. त्या वनाच्या उतारावर घाणेरीने असा कब्जा केला होता की खाली गवताची काडी उगवत नव्हती. तिच्या सासऱ्यांची गुरे रोज लांबच्या रानात जात, आणि तिकडचे गाव आता कुरकुर करू लागले होते. उतार मोकळा झाला नाही, तर पुढच्या उन्हाळ्याआधी गुरे विकायची, असे सासऱ्यांनी ठरवले होते. सुनेने त्यांना थांबवून धरले होते. आपली नोंद एकदा वर गेली की आपला उतार निर्मूलनाच्या आराखड्यात येईल, असे ती घरात सांगत आली होती.

दिवाळी होऊन गेली होती. नंदुरबारच्या बाजूला मिरची वाळत घालायचे दिवस. पडताळणीसाठी जिल्ह्याहून एक तरुण अधिकारी निघाले होते. सून आदल्या दिवशीच तळोद्याला येऊन माझ्याकडे राहिली आणि सकाळी आम्ही तिघे जीपने वर गेलो.

उतार स्वच्छ होता. पायवाटेपासून वरच्या मोहाच्या झाडांपर्यंत झुडूप म्हणून नव्हते. तोडलेल्या फांद्या ओढून एका कडेला नीट रचून ठेवल्या होत्या. सून जीपमधून उतरली आणि दाराला धरून उभीच राहिली.

सासरे पांढरे फेटे बांधलेल्या चार जणांसह पुढे आले. फार खूश होते. मोजणीला सरकारी माणसे येणार एवढेच त्यांच्या कानावर पडले होते, आणि गावाचा आजवरचा अनुभव असा की तपासणी म्हटली की आधी झाडझूड करायची. म्हणून त्यांनी लाह बोलावली होती. लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळ्या गावाने हात लावायचा. मजुरी नाही, ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. जेवणासाठी त्यांनी घरचा बोकड कापला होता.

सुनेने त्यांना पावरी बोलीत काही विचारले. त्यांनी हसत दिलेले उत्तर तिने आमच्यासाठी मराठीत केले, तेव्हा तिचा स्वर मात्र कोरडा होता. "म्हणतात, पाहुणे आल्यावर तुम्ही त्यांना उष्टी भांडी दाखवता का?"

अधिकाऱ्यांना हसू आले, पण त्यांनी मोबाइल काढला. ते आडमुठे नव्हते. त्यांची अडचण खरी होती. जुनी छायाचित्रे चालणार नव्हती, नोंद त्याच जागी उभे राहून करायची होती, आणि पर्याय दोनच होते: आहे किंवा नाही. 'नाही' नोंदले की हा उतार नकाशावर स्वच्छ दिसणार आणि पुढचा आराखडा होईपर्यंत इकडे कोणी फिरकणार नाही. मी काही बोलणार, तोच सून म्हणाली, "राहू द्या, बाई. दिसेल तेच लिहायचं. तुम्हीच शिकवलंत."

मी तिच्याकडे न पाहता खाली वाकले. घाईत तोडताना कुऱ्हाडी जमिनीपासून वीतभर वर चालल्या होत्या, आणि खुंट जागोजाग तसेच होते. एका खुंटाची साल मी नखाने खरवडली. आत हिरवे होते, ओले.

"सर, इकडे या," मी म्हटले. "शाळेत मूल आज आले नाही तर आपण गैरहजर लिहितो. दाखला काढून नेला तरच पटावरून नाव कमी करतो. या घाणेरीने अजून दाखला नेलेला नाही."

ते शेजारी उकिडवे बसले, दुसरा खुंट स्वतः खरवडून पाहिला, मग तिसरा. मग त्यांनी 'आहे' नोंदले, खुंटांची जवळून छायाचित्रे घेतली, आणि होळीच्या सुमारास पुन्हा पाहीन, फुटवा नसेल तर नोंद बदलेन, अशी अट घातली. तोवर सुनेने सासऱ्यांना सगळे समजावले होते. बोकड फुकट गेला हे आता त्यांच्या लक्षात आले होते. म्हणाले की एवढ्यात दुसऱ्यांदा लाह बोलवायची तर आता कोंबडीवर भागवावे लागेल.

होळीला प्रत्येक खुंटावर फुटव्यांचे झुपके होते. घाणेरी पाहून कोणाला आनंद झालेला मी त्या एकाच वेळी पाहिला. उतार आराखड्यात आला. पावसाळ्यात माती मऊ असताना पुन्हा लाह बसली, पण या वेळी कुदळी घेऊन. झुडूप वरून न तोडता जमिनीखाली मुळाशी छाटायचे आणि उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही, हे मी एकदा करून दाखवले. पुढचे काम गावाने केले. सगळा उतार एका वर्षात मोकळा होणार नव्हता. खालचा पट्टा झाला.

गेल्या कार्तिकात आम्ही नव्या नोंदीसाठी गेलो. खालच्या पट्ट्यात गवत गुडघ्याला लागत होते आणि सासऱ्यांची गुरे त्यात माना खाली घालून चरत होती. एकही विकले गेले नव्हते. वरच्या अंगाला घाणेरी पुन्हा माजून उभी होती, एका फांदीलाही कोणी हात लावलेला नव्हता. घरी गेलो, तर अंगणात पालापाचोळा, शेणाचे पो, कालची राख. सून आम्हाला बसायला खाट देताना ओशाळली होती. सासऱ्यांनी बजावले होते म्हणे, मोजणी होईपर्यंत गावात कोणी केरसुणीला हात लावायचा नाही.