चहा सांडला नव्हता

मशीन सुरू होत नव्हतं आणि शेडमधले सगळे मोईनभाईंकडं बघत होते.

मोईनभाई मशीनकडं बोट दाखवत होते. मशीनच्या टेबलावर चहाचा एक ग्लास होता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"साब, तुम खुद देखो," ते मला म्हणाले. "चाय नहीं गिरी."

ही त्यांची पद्धत होती. कारखान्यातली अवजड यंत्रं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हा त्यांचा धंदा. आमच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत याला नुसतं 'शिफ्टिंग' म्हणतात. जॅक, पहारी, लोखंडी पाइप आणि चार माणसं. काम सुरू करताना ते भरलेला ग्लास मशीनवर ठेवत. मशीन नव्या जागी टेकलं की सगळ्यांसमोर तो गार चहा पीत. नाटकच होतं ते, आणि जाहिरातही. मोईनभाई बढाईखोर होते. दोन बोटांच्या फटीतून प्रेस बाहेर कसा काढला ही गोष्ट मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली होती, आणि दर वेळी ती फट लहान होत गेली होती. पण ग्लास सांडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी तेव्हा एका डीलर फर्ममध्ये सर्व्हिस इनचार्ज होतो. एका परदेशी कंपनीची मशीन्स विकायची, बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची हे आमचं काम. हे मशीन 'व्हीएमसी' होतं. आत लोखंडाचा ठोकळा धरायचा, कॉम्प्युटरला आकार सांगायचा, की फिरणारा कटर तो आकार कोरून काढतो. मालक दिनकर जाधव त्यावर दुचाकीच्या गिअर लिव्हरचे ब्रॅकेट बनवायचे. गंगापूरकडची थोडी जमीन विकून त्यांनी ही शेड टाकली होती. शेडच्या भिंतीवर मशीन घेतलं त्या दिवसाचा फोटो होता. आमची फर्म प्रत्येक गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याची हातभर सोनेरी चावी द्यायची आणि फोटो काढायची. फोटोत चावी जाधवांच्या हातात होती. देणारा मी होतो.

"मशीन हलवलं कशाला?" मी विचारलं.

जाधव घुटमळले. "मेव्हणे म्हणले, मशीनचं तोंड दक्षिणेला हाय."

"मग?"

"नसावं म्हणतेत. खंडेनवमीची पूजा व्हायच्या आत पूर्वेला करून घ्या म्हणले."

मेव्हणे वास्तुसल्लागार होते. मी बुद्धविहारात लहानाचा मोठा झालेला माणूस. दिशा चांगली-वाईट असते यावर माझा कधी विश्वास नव्हता. मी मनात हसलो. म्हणजे मशीन कुठं गेलंही नव्हतं. चार बोटं उचललं, पाव वर्तुळ फिरवलं आणि तिथंच ठेवलं. झोपेत माणूस कूस बदलतो तेवढंच. तरी स्क्रीनवर लाल पट्टी होती. एक अलार्म नंबर आणि खाली 'डीलरशी संपर्क साधा'. बाकी काही नाही.

मी मागचं पॅनेल उघडलं. कोपऱ्यात साबणाच्या डबीएवढा काळा डबा होता. तो दिसताच मला सगळं कळलं.

वाचकांना सांगतो तो डबा काय करतो. मशीन बंद असलं तरी तो जागा असतो. त्याची बॅटरी वेगळी. कुणी मशीन उचललं, जरा तिरकं केलं, की त्याला समजतं. मग तो कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, कुलूप घालतो. मशीनचा एक स्क्रूही बिघडलेला नसतो. कोड टाकला की पुन्हा सुरू. कोड परदेशातून येतो. आमच्यामार्फत, अर्ज केल्यावर, फी भरल्यावर.

कंपनीचं म्हणणं असं, की अशा मशीनवर शस्त्रंही बनू शकतात, त्यामुळं ते गुपचूप भलत्या देशात जाऊ नये. ऐकायला भारदस्त आहे. क्षेपणास्त्र बनवायला निघालेला देश साबणाच्या डबीपुढं हात टेकणार, असा त्यात विश्वास आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत त्या डब्यानं पकडलेली माणसं म्हणजे फरशी बदलणारे, शेड वाढवणारे आणि मेव्हण्याचं ऐकणारे. डब्याचा दुसरा उपयोग आम्हाला ट्रेनिंगमध्ये आवाज खाली करून सांगितला होता. मालकानं मशीन दुसऱ्याला विकलं तरी नवा मालक कोडसाठी आपल्याच दारात येणार. तेव्हा वर्गात सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

विकताना याचा उल्लेख करायचा नाही, हा नियम होता. करारात होतं ते. शेवटच्या पानांत कुठंतरी, 'अनधिकृत स्थलांतर' अशा नावानं. ते कलम वाचलेलं गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटलं नाही, आणि तसं भेटू नये याची काळजी आम्हीच घेत होतो.

मी शेडच्या बाहेर आलो आणि आमचे रिजनल मॅनेजर बागवे यांना पुण्याला फोन लावला.

"सर, रिलोकेशन लॉक पडलाय."

"कस्टमरला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"मग सांगूही नकोस. त्याच्या शेजारच्या गल्लीत दोन मशीनची बोलणी चालू आहेत माझी."

"मग काय सांगू?"

"लॉग काय म्हणतो?"

लॉग म्हणजे डब्यानं स्वतः करून ठेवलेली नोंद. तिच्यात एकच शब्द होता. "शॉक," मी म्हणालो.

"शॉकला मराठीत काय म्हणतात रे साळवे?"

"धक्का."

"मग तेच सांग. मी तुला कधी खोटं बोलायला सांगितलंय का?"

मी आत गेलो. सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "मशीनला धक्का बसलाय."

मोईनभाई आधी हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "क्या बोलरे साळवेसाब? ग्लास देखो ना."

"आत बसलाय. कंट्रोलरला. बाहेरून दिसत नाही."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आमची ओळख जुनी होती. कितीतरी मशीन्स त्यांनी उतरवली होती आणि मी सुरू केली होती. "तुम बोलरे ना?" त्यांनी विचारलं. "पक्का?"

"हो."

"तो फिर बैठा होगा," ते म्हणाले.

त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला. प्यायले नाहीत. दाराबाहेर जाऊन मातीत ओतला. त्यांची माणसं पाइप गोळा करायला लागली.

"मजुरीचं नाव काढू नका आता," जाधव मागून म्हणाले. "माझा माल थांबला. ब्रॅकेट घेणाऱ्या कंपनीला काय तोंड दाखवू मी?"

मोईनभाईंनी काढलंही नाही.

मग अर्ज भरला. परदेशातला छापील नमुना. मशीन कुठून कुठं हलवलं? शेडच्या मध्यातून शेडच्या मध्यात. या यंत्रावर शस्त्रास्त्रे किंवा त्यांचे भाग बनणार आहेत काय? नाही, गिअर लिव्हरचे ब्रॅकेट. हलवण्याचे कारण? इथं मी थांबलो. 'दक्षिण दिशा अशुभ' हे परदेशात कुणाला समजावणार? 'ले-आउटमधील सुधारणा' असं लिहून मोकळा झालो. वास्तुशास्त्राला इतकं सभ्य नाव कुणी दिलं नसेल.

कोड यायला आठवडा गेला. तो टाकायला एक मिनिट लागतं. पण एका मिनिटात दुरुस्ती झाली तर गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. म्हणून मी पॅनेल उघडलं, दोन कार्डं काढली, पुसली, परत बसवली. मीटर लावून उगाच व्होल्टेज मोजलं. घाम येईपर्यंत नाटक केलं आणि मग स्क्रीन अंगानं झाकून कोड टाकला. मशीन सुरू झालं. जाधवांनी पेढे मागवले. बागवेंनी 'शिफ्टिंग डॅमेज' या नावाखाली बिल पाठवलं. मशीन वॉरंटीत होतं, पण धक्का वॉरंटीत बसत नाही.

वाळूजमध्ये बातमी पसरायला पेपर लागत नाही. मोईननं जाधवांचं मशीन पाडलं, असं ती पसरली. 'धक्का बसला'चं 'पाडलं' व्हायला दोन चहाच्या टपऱ्या पुरल्या. मोईनभाईंना कामं येईनाशी झाली. हे मला माहीत होतं. बजाजनगरला घरी जाताना त्यातलीच एक टपरी लागायची आणि मी तिथंच थांबायचो. तोंड उघडलं नाही. रिटायरमेंट जवळ आली होती आणि माझं अप्रेझल, म्हणजे कामाचा वार्षिक शेरा, बागवे लिहायचे. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी जाधवांचा फोन आला. त्यांनी ते मशीन चिकलठाण्यातल्या एका माणसाला विकलं होतं. मोईनभाईंचा अनुभव गाठीशी असल्यामुळं या वेळी पुण्याची नावाजलेली कंपनी बोलावली होती. हायड्रॉलिक क्रेन, हेल्मेटं, विमा. मशीन नव्या शेडमध्ये गेलं आणि पुन्हा तीच लाल पट्टी. डीलर म्हणत होता, नव्या मालकाचा अर्ज पाहिजे, तपासणी पाहिजे, फी पाहिजे. गिऱ्हाईक पैसे परत मागत होतं.

"साहेब," जाधव म्हणाले, "ह्यांच्या क्रेननं बी धक्का दिला का?"

मी त्यांच्या शेडवर गेलो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

"मशीनला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "तेव्हाही झालं नव्हतं. कुलूप आहे ते."

"कुनाचं?"

"कंपनीचं."

"माझ्या मशीनला?"

"हो."

जाधवांनी भिंतीवरच्या फोटोकडं मान वळवली. "मग हे काय हाय माझ्या हातात?"

"पुठ्ठा," मी म्हणालो.

जाधवांनी फोटो भिंतीवरून उतरवला. मग म्हणाले, "मंजी मोईननं पाडलं नव्हतं."

"नव्हतं."

"आन् मी पेढे आनले तुमच्यासाठी. तुम्ही खाल्ले."

"खाल्ले."

"मेव्हण्यानं तोंड फिरवा म्हणून पैसे घेतले, तुम्ही फिरवलं म्हणून घेतले. मेव्हणा निदान घरचा तरी हाय."

 आम्ही दोघं पडेगावला गेलो. मोईनभाई आता तिथं एका टेम्पोवाल्याबरोबर लोकांची कपाटं, फ्रिज, दिवाण हलवतात असं समजलं होतं. एका बिल्डिंगच्या जिन्याखाली ते भेटले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबा, कुलूप, बागवे, शॉकचं मराठी. जाधव मध्ये एकदाच बोलले, "मजुरी आनलीय तुमची." मोईनभाईंनी तिकडं पाहिलं नाही.

"मैं तो मान लिया था साब," ते मला म्हणाले. "तुमने बोला तो मान लिया. सोचा, हाथ गया मेरा. उसके बाद ग्लास रखनाच छोड़ दिया."

मला वाटलं होतं, चहा सांडला नव्हता हे त्यांना माहीत आहे, तेव्हा मनातून ते मला खोटारडा समजत असतील. ते बरं झालं असतं. त्यांनी मला खरं मानलं होतं आणि स्वतःच्या हातांना खोटं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"इधर कायकू बोलरे?" ते म्हणाले. "पडेगाव में तो मेरा नाम अच्छा है. जिधर खराब हुआ उधर बोलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूजच्या त्या टपरीवर गेलो. कारखाने सुरू व्हायच्या आधी छोटे मालक तिथं जमतात. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एक जण हसला, एकानं मला शिवी दिली, ती बरोबर होती. मग कुणीतरी विचारलं, "आमच्या मशीनमधी बी हाय का?" मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन पॅनेल उघडली आणि डबे दाखवले. डीलरकडं फोन सुरू झाले. बागवेंच्या जागी आता नवा मॅनेजर आहे. त्यानं मला फोन करून विचारलं, रिटायर झाल्यावर फर्मची बदनामी करण्यात काय मिळतं? मी म्हणालो, मी फक्त शॉकचं मराठी सांगितलं.

जाधवांचं मशीन फुकट सुटलं नाही. फी भरावी लागली, आणि तोवर गिऱ्हाइकानं भाव पाडून घेतला. डबे अजून जागेवर आहेत. करार तसेच आहेत, कलम शेवटच्याच पानांत आहे. हल्ली गाड्या, प्रिंटर, पाण्याचे फिल्टर, सगळ्यांत अशी कुलपं येतात म्हणे, आणि शोरूममध्ये चावी देतानाचे फोटोही निघतात. विकत घेताना किंमत विचारायची गरज नाही, ती सांगतातच. ही वस्तू उद्या मी उघडली, हलवली किंवा विकली तर कुणाची परवानगी लागेल, एवढं विचारा. विकणारा घसा साफ करायला लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

मोईनभाई वाळूजला परत आले आहेत. मशीनला हात लावण्याआधी ते मालकाला डीलरचा फोन स्पीकरवर लावायला सांगतात. हलवलं तर लॉक पडतो का, हो की नाही? सेल्सवाल्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. ते झालं की मग ग्लास ठेवतात.

मी दोनदा बघायला गेलो. काम संपल्यावर ते आपला गार चहा पितात आणि शेडमधल्या सगळ्यांसाठी गरम मागवतात. मला मात्र अजून त्यांनी चहाचं विचारलेलं नाही.